प्लेस्टेशन ५ चे अपडेट : कंट्रोलर मुलांसाठी, पण वीजबिल आणि ‘००००’ कोड पालकांनी बघावा

बेळगाव : सोनीच्या प्लेस्टेशन ५ ला सप्टेंबर २०२५ मध्ये जे सिस्टीम सॉफ्टवेअर अपडेट आले, त्यातल्या दोन गोष्टींची जास्त चर्चा झाली. एकच कंट्रोलर आता चार उपकरणांना जोडून ठेवता येतो, ही एक. वीज कमी खाणारा ‘पॉवर सेव्हर’ ही दुसरी. त्याच महिन्यात पालकांसाठी ‘प्लेस्टेशन फॅमिली’ नावाचे वेगळे मोबाईल ॲपही आले. कंट्रोलरची गंमत पोरांनी त्याच रात्री करून पाहिली असणार. उरलेल्या दोन गोष्टी घरातल्या मोठ्या माणसांच्या कामाच्या आहेत. बेळगाव-निपाणी भागात तर त्या जरा जास्तच कामाच्या आहेत, कारण इथल्या वीजबिलाचे गणित पुण्या-मुंबईसारखे नाही, आणि कन्सोलच्या पडद्यावर ना मराठी आहे, ना कन्नड.

आधी एक गोंधळ दूर केलेला बरा. गेमचे अपडेट वेगळे आणि कन्सोलचे वेगळे. गेमचे अपडेट त्या एका खेळापुरते असते. सिस्टीम सॉफ्टवेअर म्हणजे मशीनचा कारभार पाहणारा प्रोग्रॅम, मोबाईलमध्ये जसे अँड्रॉइड असते तसा. कंट्रोलर ओळखणे, इंटरनेट लावणे, टीव्हीला चित्र पाठवणे, कुणाचे खाते कोणते आणि मुलाला किती वेळ खेळू द्यायचे, हे सगळे तो पाहतो. हे अपडेट फुकट असते. ते घेतले नाही तर डिस्कवरचा गेम एकट्याने खेळता येतो, पण ऑनलाईन खेळणे, स्टोअर उघडणे, मित्रांशी बोलणे बंद होते. त्यामुळे ‘नको अपडेट’ म्हणून फार दिवस चालत नाही.

भारतात हे मशीन २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. डिस्कवाल्याची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कच्या डिजिटल आवृत्तीची ३९,९९०. त्यानंतर अपडेटमधून मशीन बरेच बदलले. ८२५ जीबीच्या स्टोरेजमधले प्रत्यक्षात ६६७ जीबीच हाताशी येतात आणि मोठे चार-पाच गेम घातले की जागा संपते, ही पहिल्या दिवसापासूनची ओरड होती. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने आत जास्तीचा एसएसडी बसवायची सोय सुरू केली. ८ टीबीपर्यंतचा एसएसडी चालायला मात्र २०२३ उजाडले. मधल्या काळात टीव्हीच्या चित्राशी जुळवून घेणारे व्हीआरआर आले, १४४० पी आले, डॉल्बी ॲटमॉस आले. ज्यांच्या घरी साधा टीव्ही आहे त्यांनी या तिन्हींवर वेळ घालवू नये, तिथे काही फरक दिसणार नाही.

चार ठिकाणी एक कंट्रोलर

कंट्रोलरचा बदल खरोखर सोयीचा आहे. पूर्वी तोच कंट्रोलर संगणकाला जोडला की कन्सोल त्याला विसरायचा आणि परत जोडाजोड करावी लागायची. आता कन्सोल, संगणक, मोबाईल अशी चार उपकरणे तो लक्षात ठेवतो. मधले पीएस बटण आणि त्रिकोण, गोल, फुली, चौकोन यांपैकी एक बटण एकत्र दाबून धरले की त्या बटणावर ठरवलेल्या उपकरणाकडे तो वळतो. एवढेच. दोन भावांत एक कंट्रोलर असलेल्या घरात याने भांडण कमी होईल की वाढेल, ते त्या घराने ठरवावे.

दोनशे युनिटची रेषा

आता पॉवर सेव्हर. नाव ऐकून ‘मोबाईलची बॅटरी वाचवतात तसे काहीतरी’ असे वाटते, आणि ते फारसे चूक नाही. ज्या गेमने ही सोय स्वीकारली आहे तो गेम चालू असताना कन्सोल मुद्दाम थोडा हळू काम करतो, त्यामुळे वीज कमी लागते. अट अशी की गेम बनवणाऱ्यांनी त्यासाठी तजवीज केलेली असली पाहिजे. नसेल तर सेटिंग चालू करूनही काही वाचत नाही. चालू असताना काही गोष्टींवर मर्यादा येते आणि डोळ्यांवर लावायचा व्हीआर चालत नाही.

सोनीने हे पर्यावरणाच्या नावाने आणले. निपाणीच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होतो. कर्नाटकात २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजना आहे. पलीकडच्या वाचकांना ती थोडक्यात सांगायची तर, घराच्या २०२२-२३ मधल्या सरासरी मासिक वापरात १० टक्के मिळवले की जो आकडा येतो तेवढी वीज फुकट, पण २०० युनिटच्या आत. आकड्यापेक्षा जास्त पण दोनशेच्या आत वापर झाला तर वरच्या युनिटचे पैसे भरायचे. दोनशेची रेषा ओलांडली की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरायचे. फुकट काही नाही.

आता कन्सोलचा हिशेब करून पाहू. भारी गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॉटच्या आसपास वीज घेतो. रोज तीन तास खेळ झाला तर ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. त्यासोबत टीव्ही १०० वॉटचा धरला तर आणखी ९. म्हणजे २७ युनिट. मे महिन्याच्या सुट्टीत तीन तासांवर कोण थांबतो, हा प्रश्न बाजूला ठेवू.

ज्या घराची २०२२-२३ ची सरासरी १५० युनिट होती, त्यांचा फुकट आकडा १६५. वापर तेवढाच राहून त्यात २७ मिळाले तर १७७ होतात, म्हणजे वरच्या १२ युनिटचे पैसे. फार नाही. पण ज्यांची सरासरी १८० होती त्यांचा फुकट आकडा १९८. तिथे १८० अधिक २७ म्हणजे २०७. त्या घराला १२ किंवा ९ युनिटचे नव्हे, तर सगळ्या २०७ युनिटचे बिल येणार. एका खेळण्याने झिरो बिल घालवले, असे म्हणायची वेळ येते ती अशी. फ्रीज, पंपाची मोटर, गिझर यांच्याकडे बोट दाखवले जाते आणि टीव्हीखालचा पांढरा डबा सुटून जातो.

कोगनोळीचा नाका ओलांडून वीसेक किलोमीटरवरच्या कागलात गेले की गणित पुन्हा बदलते. तिथे महावितरणचे टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून चढा. टप्पा ओलांडला तरी चढा दर वरच्याच युनिटना लागतो, आधीचे शंभर महाग होत नाहीत. त्यामुळे तिकडे कन्सोलचे २७ युनिट हळूहळू टोचतात, इकडे रेषेवरच्या घराला ते एकदम लागतात. एकच मशीन, एकच कंपनी, एकच अपडेट, पण बिल कुणाच्या हद्दीत येते त्यावर त्याची किंमत ठरते.

पॉवर सेव्हरवर विसंबून राहण्यापेक्षा जास्त वाचते ते साध्या दोन गोष्टींनी. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात पॉवर सेव्हिंग असा भाग आहे. तिथे ‘खेळ थांबल्यावर किती वेळाने रेस्ट मोडमध्ये जायचे’ हे ठरवता येते. जेवायला उठलेला मुलगा दोन तास परत येत नाही, आणि गेम ‘पॉज’वर असला तरी मशीन वीज ओढतच असते. दुसरी गोष्ट, सिनेमे आणि यूट्यूब कन्सोलवर लावू नयेत. टीव्हीत तेच ॲप असेल तर टीव्हीवर लावावे. सिनेमा पाहण्यासाठी गेमचे मशीन तापवत ठेवणे म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर काढण्यासारखे आहे.

अपडेट चालू आणि लाईट गेली तर

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. अपडेट डाऊनलोड होताना लाईट गेली तर विशेष बिघडत नाही, नंतर डाऊनलोड पुन्हा करता येते. धोका असतो तो उतरवलेले अपडेट मशीनमध्ये बसत असताना. त्या काही मिनिटांत वीज तुटली तर कन्सोल नीट सुरू न होण्याची शक्यता असते.

म्हणून इथल्या घरांसाठी सेटिंग असे ठेवावे : सिस्टीम सॉफ्टवेअरच्या भागात दोन वेगळे पर्याय आहेत. एक, अपडेट आपोआप उतरवून घेणे. दोन, ते आपोआप बसवणे. पहिला चालू ठेवा, दुसरा बंद ठेवा. म्हणजे फाईल रात्री येऊन पडेल आणि बसवायचे काम घरात कुणी जागे असताना, आकाश मोकळे असताना होईल. फाईल साधारण एक जीबीच्या पुढे असते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल चालवणाऱ्यांचा दिवसाचा डेटा त्यातच संपू शकतो, तेही ध्यानात असू द्या.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनाही एक सूचना. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा स्विच असतो. इकोवर असताना लाईट गेली तर बॅटरीवर जायला क्षणभर जास्त लागतो. पंखा-दिव्याला ते कळत नाही, पण कन्सोल किंवा संगणक तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. अपडेट करण्याआधी तो स्विच यूपीएसवर आहे का बघावे. आणि कन्सोलचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, तेही.

इतके करूनही मशीन अडकले तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे धावू नये. मशीन पूर्ण बंद करून पॉवर बटण दाबून धरावे. एक बीप लगेच येते, साधारण सात सेकंदांनी दुसरी येते, तेव्हा बटण सोडावे. याला सेफ मोड म्हणतात. इथे कंट्रोलर वायरने जोडावा लागतो, बिनवायरीचा चालत नाही. समोर यादी येते. त्यात सिस्टीम सॉफ्टवेअर पुन्हा अपडेट करण्याचा पर्याय तिसरा आहे. इंटरनेटवरून जमत नसेल तर प्लेस्टेशनच्या अधिकृत साईटवरून फाईल संगणकावर घेऊन पेनड्राईव्हने देता येते. पेनड्राईव्हमध्ये ‘पीएस ५’ नावाचे फोल्डर आणि त्याच्या आत ‘अपडेट’ नावाचे फोल्डर, दोन्ही नावे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. यादीतल्या शेवटच्या दोन ‘रीसेट’ पर्यायांना मात्र हात लावू नये. त्यांनी मशीन कोरे होते, सेव्ह केलेले सगळे खेळ जातात.

ना मराठी, ना कन्नड

वरच्या सगळ्या सूचना मराठीत लिहाव्या लागतात, कारण मशीन त्या मराठीत सांगत नाही. प्लेस्टेशन ५ च्या भाषांच्या यादीत जपानी, चिनी, कोरियन आहेत, युरोपातल्या डझनभर भाषा आहेत, अरबी, थाई, व्हिएतनामी, इंडोनेशियनही आहेत. भारतातली एकही नाही, हिंदीसुद्धा नाही. सीमाभागात दुकानाची पाटी कोणत्या भाषेत लावायची यावरून आयुष्ये गेली. प्लेस्टेशनने दोन्ही बाजूंना सारखेच बाहेर ठेवले आहे.

हे अशक्य असते तर गोष्ट वेगळी. अँड्रॉइडमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही २०१४ च्या ५.० आवृत्तीतच एकत्र आल्या. आयफोनमध्ये मार्च २०२५ च्या आयओएस १८.४ पासून सगळे मेनू मराठीत करता येतात आणि कन्नडमध्येही. म्हणजे तोच माणूस खिशातला फोन मराठीत वापरतो, आणि टीव्हीसमोर बसला की त्याला मुलाला विचारावे लागते, ‘बाळा, हे काय लिहिलंय?’

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. मुलगा सांगतो तो अर्थ खरा. नवे मशीन घरी आल्यावर खाते कोण उघडतो? मुलगाच. अटी ‘मान्य’ कोण करतो? तोच. जन्मतारीख विचारली जाते तेव्हा अकरा वर्षांचा मुलगा पंचवीस वर्षांचा होतो, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. त्या क्षणापासून कन्सोलच्या लेखी त्या घरात लहान मूल नाही. मग अपडेटमध्ये पालकांसाठी कितीही सोयी येऊ देत, त्या कुणाला लागू होणार?

निदान वाचण्यापुरता एक उपाय फोनमध्येच आहे. गूगल लेन्स उघडून, भाषांतर निवडून टीव्हीच्या पडद्यावर कॅमेरा धरला की मेनूचा मराठी किंवा कन्नड अर्थ दिसतो. भाषांतर ओबडधोबड असते, पण ‘हा पर्याय पैशांचा आहे की आवाजाचा’ एवढे नक्की समजते.

फॅमिली ॲप काय करते

पद्धत अशी आहे. घरातल्या एका मोठ्या माणसाचे खाते ‘फॅमिली मॅनेजर’ असते, त्याच्याखाली मुलांची खाती. मॅनेजरला प्रत्येक मुलासाठी वारानुसार वेळ ठरवता येते : शाळेच्या दिवशी तासभर, रविवारी तीन तास, रात्री दहानंतर बंद. वेळ संपल्यावर फक्त सूचना द्यायची की सरळ बाहेर काढायचे, हेही निवडता येते. वयाला न शोभणारे गेम अडवता येतात. महिन्याला किती रुपये खर्च करू द्यायचे याची मर्यादा घालता येते, आणि ते पैसे मॅनेजरच्या वॉलेटमधून जातात.

हे आधीही होते, पण कन्सोलच्या मेनूत खोल दडलेले होते. नव्या फॅमिली ॲपने ते फोनवर आणले. मुलगा काय खेळतोय ते फोनवर दिसते, ‘अजून अर्धा तास’ अशी त्याची विनंती फोनवर येते आणि तिथेच हो किंवा नाही म्हणता येते. आई तंबाखूच्या वखारीत किंवा बाबा औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीत असले तरी चालते.

बोलण्यावरची मर्यादाही तिथेच आहे, आणि तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. सप्टेंबर २०२४ च्या अपडेटपासून व्हॉइस चॅटच्या ‘पार्टी’ची लिंक व्हॉट्सॲपवरून पाठवता येते. बेळगावच्या मुलाला पुण्याच्या मावसभावाला खेळात बोलावणे त्याने सोपे झाले. पण त्या लिंकवरून यायला आधीची मैत्री लागत नाही. लिंक ज्याच्या हाती पडली तो प्लेस्टेशनचे खाते असल्यास आत येऊ शकतो. लहान मुलाच्या खात्यावर संवाद मर्यादित ठेवणे म्हणूनच गरजेचे.

आधीच मोठ्या वयाचे खाते उघडून बसलेल्या मुलाचे काय? जन्मतारीख नंतर सहज बदलता येत नाही. पालकाने स्वतःचे खाते उघडून मुलाला त्याखाली नवे खाते द्यायचे, हा मार्ग उरतो. मुलगा ऐकणार नाही, कारण जुन्या खात्यावरच्या ट्रॉफी आणि सेव्ह केलेली प्रगती नव्यावर येत नाही. पण ‘घेतलेले गेमही जातील’ असे तो म्हणाला तर ते खरे नाही. जुन्या खात्यावर ‘कन्सोल शेअरिंग’ चालू असेल तर त्या मशीनवरची बाकीची खातीही तेच गेम खेळू शकतात.

पैसे कुठे जातात

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि ‘गेमिंग बंद झाले’ अशी हवा पसरली. कर्नाटकातल्या लोकांना हे दुसऱ्यांदा ऐकायला मिळाले. २०२१ मध्ये राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून असाच प्रयत्न केला होता, त्यातली संबंधित कलमे उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. केंद्राच्या नव्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. दुकानातून डिस्क आणून फुटबॉल किंवा क्रिकेट खेळणे त्यात येत नाही.

पण कायद्यात येत नाही म्हणून खिशातून काही जात नाही असे नव्हे. ईए स्पोर्ट्स एफसीसारख्या खेळात चांगला खेळाडू मिळण्याच्या आशेने पॉइंट विकत घेऊन बंद पाकिटे फोडायची असतात. खेळाडू कोण निघेल ते नशिबावर. कार्डावर ओटीपी लागतो हे संरक्षण आहे खरे, पण ओटीपी ज्या फोनवर येतो तो संध्याकाळी कुणाच्या हातात असतो? म्हणून मोठ्यांच्या खात्यावर ‘खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारा’ हे सेटिंग चालू करावे आणि मुलाच्या खात्याची मासिक मर्यादा शून्य ठेवावी. लागेल तेव्हा वाढवता येते.

शेवटी सगळ्यात छोटे आणि सगळ्यात जास्त राहून जाणारे काम. मुलाच्या खात्याला कितीही कुलपे लावली तरी तो कन्सोलवर दुसरे नवे खाते उघडून किंवा पाहुणा म्हणून आत जाऊ शकतो. ते अडवण्याची सोय सेटिंग्जमध्ये ‘फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स’ आणि त्याखाली ‘पीएस ५ कन्सोल रिस्ट्रिक्शन्स’ इथे आहे. आत जायला चार आकडी कोड लागतो. कारखान्यातून तो ‘००००’ असा येतो, आणि ते बहुतेक मुलांना माहीत असते. कोड बदलावा, जन्मसाल किंवा गाडीचा नंबर ठेवू नये, आणि बदललेला आकडा फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून वीजबिलाच्या फाईलमध्ये ठेवून द्यावा.